जुन्या कॅरॅव्हॅन ट्रेलरचं छत: खोट कशी ओळखायची आणि नव्याने कसं बांधायचं

जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर बघायला गेलात की विकणारा हमखास सांगतो, 'वर थोडं सिलिकॉन मारलं की काम झालं.' हे ऐकलं की आधी शिडी मागा. नीट बांधलेल्या छतावर असं सिलिकॉन थापावं लागत नाही, आणि बांधतानाच चुकलेलं छत सिलिकॉनच्या दहा नळ्या रिकाम्या केल्या तरी सुधारत नाही. गळती जिथे दिसते तिथे फक्त पाणी बाहेर पडत असतं. खोट असते उतारात, सांगाड्यात आणि पत्र्याच्या चढात, म्हणजे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो त्या जागी. हा सगळा लेख त्या तीन गोष्टींचाच आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हौसेने बनवून घेतलेले आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर विकायला काढलेले ट्रेलर आता आपल्या साताऱ्याच्या भागातही बघायला मिळतात. यातले बहुतेक कारखान्यातून आलेले नसतात, कुठल्यातरी बॉडी बिल्डरने ट्रकच्या बॉडीच्या सवयीने बांधलेले असतात. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, वर पत्रा, मध्ये थर्माकोल, खाली प्लाय आणि त्यावर लॅमिनेट. ट्रकचा हौदा गळला तर ताडपत्री टाकता येते. ट्रेलरच्या छताखाली मात्र अंथरूण, वायरिंग आणि सुतारकाम असतं.

सातारा जिल्ह्यात तर छताची परीक्षाच होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माणच्या उन्हात वर्षभर उभा असलेला ट्रेलर आतून कोरडा ठणठणीत दिसेल. त्यावर विसंबून तो जुलैत महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याला नेऊ नका. पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छत म्हणजे दहा चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. घाटमाथ्यावर एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. त्या एका दिवसात तुमच्या छतावरून दोन हजार लिटर पाणी वाहून जातं, आणि त्यातलं एक तांब्याभर आत शिरलं तरी प्लाय सादळायला पुरतं.

विकत घेण्याआधी: शिडी, टॉर्च आणि अंगठा

आरसी, चॅसी नंबर आणि ट्रेलर कोणत्या प्रकारात नोंदवला आहे हे आधी बघा. कागद जुळत नसतील तर छताकडे बघायची गरजच नाही.

ट्रेलर सपाट जागी उभा करायला लावा, चाकांना दगड लावा आणि शिडीवरून डोळा छताच्या पातळीला आणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर लावा. छत मधोमध थोडं उंच आणि दोन्ही कडांकडे उतरतं दिसायला हवं. बरोब्बर सपाट दिसलं तर ती पहिली खोट. आडव्या पाइपांच्या मध्ये पत्र्याला झोळ पडला असेल तर दुसरी. धुळीने रंगलेल्या गोल कडा दिसल्या तर तिथे पाणी साचून वाळतं हे नक्की. एक बादलीभर पाणी ओतून बघायची परवानगी मागा. एक सेंटिमीटर खोल साचलेलं पाणी दर चौरस मीटरला दहा किलो भरतं. त्या वजनाने झोळ वाढतो, झोळ वाढला की आणखी पाणी साचतं.

मग सांधे बघा. सिलिकॉनचे थरावर थर, वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे आधीच्या मालकाने दर पावसाळ्यात गळतीशी झुंज दिली आहे. गच्चीला मारतात ते कोटिंग अख्ख्या छतावर फासलं असेल तर जास्तच सावध व्हा. सिमेंटसाठीचं कोटिंग हलणाऱ्या पत्र्याच्या सांध्यावर तडकतं, आणि खाली काय झाकलं आहे ते कोटिंग खरवडल्याशिवाय कळत नाही. रिव्हेटऐवजी साधे लाकडाचे किंवा ड्रायवॉलचे स्क्रू दिसले, त्यांच्या डोक्यांभोवती तांबूस ओघळ असले, तर आतल्या पाइपलाही गंज धरला आहे असं समजा.

आत गेल्यावर दारं-खिडक्या पाच मिनिटं बंद ठेवा आणि नाकावर विश्वास ठेवा. ओलीचा कुबट वास अगरबत्तीने झाकत नाही. टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून मारलेल्या उजेडात गुळगुळीत दिसणारं लॅमिनेट आडव्या उजेडात फुगवटे आणि लाटा दाखवतं. जिथे शंका येईल तिथे अंगठ्याने दाबा. चांगला प्लाय दबत नाही. सादळलेला थोडा आत जातो आणि बोट काढल्यावर हळू वर येतो. कुजलेला आत जातो तो जातोच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात तर टणक आवाज मध्येच भदभदा होतो, तिथे खडूने खूण करा.

सगळ्यात जास्त माहिती चार जागी मिळते: हॅचच्या (छतातल्या झडपेच्या) चौकटीचे कोपरे, छताला लावलेल्या दिव्यामागची जागा, वरच्या कपाटांचे आतले मागचे कोपरे आणि पुढच्या भिंतीचा वरचा भाग. मालकाची परवानगी घेऊन एक दिवा उतरवा. चांगल्या छतात भोकाची कड फिकट लाकडी रंगाची असते, थर मोजता येतात. गळक्या छतात कडेला चहाच्या डागासारखं कडं असतं, थर नखाने सुटतात, आणि दिव्याचे स्क्रू फिरवताना मान तुटून हातात येते. मोबाइलला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा फार महाग नसतो. तो त्या भोकातून आत सोडला की पाइपांतलं अंतर, थर्माकोलची अवस्था आणि गंज एका जागी उभं राहून दिसतो.

ओलावा मोजायचं मीटर असेल तर दोन सुयांचं घ्या. नुसतं टेकवायचं मीटर मागे पत्रा किंवा फॉइल असली की फसतं. लाकडात १५ टक्क्यांच्या आत आकडा आला तर ठीक. २० च्या वर गेला तर कुजणं चालू आहे किंवा लवकरच होणार. एकाच आकड्यावर जाऊ नका, दर फुटावर घ्या आणि कागदावर छताचा नकाशा काढून त्यात भरा. ओल कुठून कुठे सरकते ते त्या नकाशात दिसतं.

सौदा कधी सोडावा याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फक्त छत खराब असेल तर किंमत पाडून घ्यायला हरकत नाही, छत नव्याने बांधता येतं. पण ओल भिंतीत उतरून खालपर्यंत पोहोचली असेल, आणि भिंतीच्या तळाला चॅसीजवळ लाकूड किंवा पाइप भुसभुशीत लागत असेल, तर तुम्ही ट्रेलर विकत घेत नसून चॅसी विकत घेत आहात. किंमतही तेवढीच द्या.

गळती की घाम?

पाचगणी-महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे आत थेंब दिसले तर लगेच छताला दोष देऊ नका. रात्रभराची श्वासातली वाफ आणि गॅसवर केलेला चहा थंड पत्र्याला आणि लोखंडी पाइपला लागून घाम धरतो. ओळखायची खूण अशी: घामाचे थेंब पाइपांच्या रेषेत, सरळ पट्ट्यांत दिसतात, पाऊस नसतानाही दिसतात, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली की कमी होतात. गळतीचा डाग वेडावाकडा पसरतो, कडा गडद असते आणि प्रत्येक पावसानंतर थोडा मोठा होतो. घामसुद्धा बांधकामाचीच खोट दाखवतो, कारण याचा अर्थ पाइप आणि आतला प्लाय यांच्यामध्ये उष्णता अडवणारं काहीच ठेवलेलं नाही. पण त्यासाठी पत्रा उचकटावा लागत नाही.

पाण्याची वाट शोधणं

ट्रेलर घरी आला की लगेच तोडफोड करायचा मोह आवरा. आधी पाणी कुठून शिरतं हे कळलं पाहिजे, नाहीतर नव्या छतातही तीच वाट राहते.

दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, कपाटं रिकामी, जमलं तर छताचे दिवे उतरवलेले. दुसरा बाहेर साध्या नळीने पाणी सोडणारा. सुरुवात खालून: आधी खिडक्यांची वरची कड, मग भिंत आणि छत यांचा सांधा, मग छताच्या कडा, मग मधले सांधे, शेवटी हॅच आणि सोलर पॅनलचे पाय. प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर वॉशर वापरू नका, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत रेटतो.

आतल्या माणसाने थेंब दिसला की जागा आणि वेळ लिहायची. पाणी पाइपच्या वरच्या अंगाने सरकत दोन-तीन मीटर लांब जाऊन ठिबकतं, म्हणून थेंबाच्या बरोबर वर भोक शोधत बसण्यात अर्थ नाही. थेंबापासून उताराच्या चढाकडे जा, तिथला पहिला सांधा किंवा भोक हा पहिला संशयित.

पाण्याने न सापडणारी वाट हवेने सापडते. गॅस बंद करा, दारं-खिडक्या आणि व्हेंट टेपने बंद करा, एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून छोटा ब्लोअर आत हवा भरेल असा लावा. बाहेरून सांध्यांवर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे फेस फुगतो तिथे वाट आहे. वाऱ्याच्या पावसात पाणी शिरणारे सांधे याच पद्धतीने पकडता येतात. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जुलैत ट्रेलर उभा केला की पाऊस आडवा येतो आणि पत्र्याच्या चढाखालून वर चढतो.

मूळ खोट समजून घ्या

पत्रा तापला की लांबतो. ॲल्युमिनियमचा पाच मीटर लांब पत्रा तापमान ५० अंशांनी वाढलं की पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. खालचा लोखंडी पाइप तेवढ्याच फरकाने तीनच मिलिमीटर वाढतो. थंडीतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत तापलेल्या पत्र्याच्या बाबतीत एवढा फरक सहज पडतो. म्हणजे वर्षभर पत्रा आणि सांगाडा एकमेकांवर पावणेतीन मिलिमीटर सरकायला बघतात. बॉडी बिल्डरने दर पाइपवर रिव्हेट ठोकून पत्रा जखडला असेल तर हा ताण रिव्हेटच्या भोकांवर येतो, भोकं लांबट होतात, आणि तिथून पाणी शिरतं. वरून कितीही सिलिकॉन लावा, भोक खाली हलतच राहणार.

दुसरी गोष्ट, साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो. त्यातली खिळ्याची तुटलेली मान गंजून गळून पडली की पत्र्यात बारीक नळीच तयार होते. शिवाय ॲल्युमिनियमचा पत्रा उघड्या लोखंडाला टेकला आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते. पत्रा उचकटल्यावर पाइपच्या रेषेत अशी भुकटी आणि सुईएवढी भोकं दिसली तर तो पत्रा पुन्हा वापरू नका.

उघडणं

काम जानेवारीच्या शेवटी ते मार्च या काळात काढा. एप्रिल-मे हाताशी राहतो तो वळवाच्या पावसाचा धोका धरून. उघडं छत आणि ढगाळ आभाळ एकत्र येऊ देऊ नका, पहिल्या दिवसापासून वर ताडपत्रीचा मांडव घाला. बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे वारा खेळेल.

बॅटरीची तार सोडा, बाहेरची वीज काढा. सोलर पॅनलवर जाड कापड टाकून मगच कनेक्शन सोडा, उजेड पडत असेपर्यंत पॅनल करंट देतच असतो. पॅनल, हॅच, अँटेना उतरवा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटो जितके जास्त तितकं पुढचं काम सोपं.

रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवा, पत्रा कडेपासून पट्टीने उचला. छतावर चालायची वेळ आलीच तर पाइपांवर आडवी फळी टाकून चाला. थर्माकोल काढताना तो ओला आहे का, कुठे पाणी धरून आहे, ते नकाशावर नोंदवा. फायबर शीट कापताना मास्क आणि चष्मा हवाच, ती धूळ फुप्फुसात जाते.

कुजलेला प्लाय आणि लाकूड दिसतं तिथपर्यंत न कापता पुढे फूटभर चांगल्या भागात जाऊन कापा, कुजण्याची बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे पोहोचलेली असते. उरलेलं लाकूड वाळू द्या. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत मीटर १५ च्या खाली यायला फार वेळ लागत नाही. ओलं लाकूड नव्या पत्र्याखाली बंद केलं तर तुम्ही कुजणंच बंदिस्त केलंत.

सांगाडा आणि उतार

वेल्डिंगची ठिणगी उडण्याआधी थर्माकोल आणि फोमचा शेवटचा तुकडासुद्धा ट्रेलरबाहेर काढा. थर्माकोल क्षणात पेटतो आणि ट्रेलरमध्ये धूर कोंडतो. पाण्याची बादली आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

प्रत्येक पाइप हातोडीने ठोकून आणि स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा जोडा. वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने घासून झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात द्या. चौकट काटकोनात आहे का ते कर्ण मोजून ठरवा. दोन कर्णांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पत्रा पुढे कुठेतरी वेडावाकडा बसणार.

आडव्या पाइपांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिलिमीटर ठेवा. गळक्या ट्रेलरमध्ये ते बहुधा ६००, कधी ९०० असतं, झोळ तिथूनच येतो. २५ बाय २५ मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप पुरतो. आणि इथेच उतार द्या. दोन मीटर रुंदीला मध्य कडांपेक्षा निदान २५ मिलिमीटर उंच हवा, म्हणजे दर मीटरला २५ मिलिमीटर उतार. फॅब्रिकेटरकडे रोलिंग मशीनवर सगळे आडवे पाइप एका मापात वाकवून घ्या. मशीन नसेल तर मधोमध उभा तुकडा ठेवून दोन सरळ पाइप दोन्ही बाजूंना उतरते जोडा. घाटमाथ्यावर नेहमी जाणार असाल तर ३५ मिलिमीटर द्या. पोटमाळा नाही, छत आहे ते. वर उंची वाढली याची खंत करू नका.

हॅचभोवती चारही बाजूंनी पाइपची चौकट बांधा. हॅचसाठी मधला आडवा पाइप कापून दोन्ही टोकं तशीच लटकत ठेवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली खोट. वर एसी बसवायचा असेल तर त्याच्या ३०-४० किलो वजनाखाली दोन जादा उभे पाइप, आणि ते वजन थेट भिंतीच्या खांबांवर उतरलं पाहिजे.

पाइपांची उघडी टोकं बंद करा आणि सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक ठेवा. आत कधी पाणी शिरलंच तर बाहेर पडायला वाट हवी.

प्लाय आणि उष्णता

वर सहा मिलिमीटरचा प्लाय घ्या, आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेला. आयएस ३०३ चा साधा प्लाय स्वस्त पडतो पण इथे चालत नाही. दुकानातून पाच सेंटिमीटरचा तुकडा मागून आणा आणि घरी पातेल्यात दिवसभर उकळवा. थर सुटले तर शिक्का खोटा. मापात कापल्यावर चारही कडा इपॉक्सीने किंवा चांगल्या ऑइल पेंटने बंद करा, प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

पाइपांमध्ये थर्माकोलऐवजी एक्सपीएस (बंद छिद्रांच्या दाट फोमची) शीट बसवा, ती फारसं पाणी धरत नाही. काचेच्या लोकरीच्या फंदात पडू नका, ती एकदा भिजली की वाळत नाही. पाइपच्या खालच्या बाजूला पाच मिलिमीटर फोमची पट्टी चिकटवली की थंडीतला घाम बराच कमी होतो. वायर पाइपमधून काढताना रबरी ग्रोमेट हवाच, घाटातल्या हादऱ्यांनी पाइपच्या कडेला घासून वायर सोलली जाते.

पत्रा

१.२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा दर चौरस मीटरला सव्वातीन किलो भरतो, ०.८ मिलिमीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, सव्वासहा. दहा चौरस मीटरच्या छतात हा फरक ३० किलोचा. आणि ते वजन सगळ्यात वर, म्हणजे वळणावर ट्रेलर झुकवायला सगळ्यात घातक जागी. म्हणून मी ॲल्युमिनियम घेतो. लोखंडाला तो टेकू द्यायचा नाही: पाइप रंगवलेला, मध्ये प्लाय, आणि कडेच्या पाइपवर ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी.

मांडणी जावळीतल्या कौलारू घरासारखी करायची, खालचं आधी आणि वरचं त्यावर चढलेलं. ट्रेलरमध्ये यात वाऱ्याची दिशा मिळवावी लागते. गाडी ओढताना पाणी पुढून मागे रेटलं जातं, म्हणून सुरुवात मागच्या टोकाच्या पत्र्यापासून करा आणि पुढचा पत्रा प्रत्येक वेळी मागच्यावर चढवा. चढ निदान ५० मिलिमीटर, त्याखाली ब्युटाइल टेपच्या दोन समांतर पट्ट्या. पट्टी पूर्ण लांबीची, मध्ये जोड नको. आणखी चांगला जोड हवा असेल तर दोन्ही पत्र्यांच्या कडा २५ मिलिमीटर उभ्या वाकवून घ्या, समोरासमोर ठेवा आणि वर पत्र्याची टोपी बसवा. हा जोड पाण्याच्या पातळीच्या वर राहतो आणि पत्र्याला सरकायला जागा देतो. आडवा जोड कडेपाशी येतो तिथे पाणी अडणार नाही याची काळजी घ्या.

छताच्या मध्यात रिव्हेट मारू नका. प्लायवर पीयू (पॉलीयुरेथेन) ॲडेसिव्हच्या लाटेसारख्या रेषा सोडा, पत्रा टाका, वाळूच्या पोत्यांनी चोवीस तास दाबून ठेवा. पीयू वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो, तो ताण सोसतो. रिव्हेट फक्त कडेला: ४.८ मिलिमीटरचे, खालून बंद टोकाचे, ७५ ते १०० मिलिमीटर अंतरावर, आणि प्रत्येक ब्युटाइल टेपमधून जाणारा.

छताचा पत्रा भिंतीवर निदान ४० मिलिमीटर खाली वाकला पाहिजे. भिंतीचा पत्रा वर आणि छताचा आत असा उलटा जोड बऱ्याच ट्रेलरमध्ये दिसतो, तो असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही गळणार. त्यावर कोपऱ्याची ॲल्युमिनियम पट्टी, पट्टीखाली ब्युटाइल, आणि भिंतीच्या बाजूला छोटी पन्हळ, म्हणजे पागोळ्या खिडकीवर न पडता कोपऱ्यातून खाली उतरतील.

सीलंटबद्दल थोडं. पट्ट्या, चौकटी, हॅचची कड यांच्याखाली ब्युटाइल टेप. उघड्या कडांवर पीयू किंवा एमएस पॉलिमर (वाळल्यावरही लवचीक राहणारा सीलंट). सिलिकॉन कुठेच नको, कारण त्याचा पातळ थर उरला की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, रंगही नाही. जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, मग जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ट्रेलर परदेशी बनावटीचा असेल आणि वर रबराचं आवरण असेल तर डांबरी पट्टी किंवा पेट्रोलजन्य सॉल्व्हंट लावू नका, रबर फुगतं.

छताला पडणारी भोकं

हॅच थेट पत्र्यावर न बसवता ४० मिलिमीटर उंच चौकटीवर बसवा, पत्र्याच्या कडा चौकटीवर चढवून. सोलर पॅनलचे पाय शक्यतो एमएस पॉलिमरने चिकटवा. भोक पाडायचंच असेल तर पाइपवर, ब्युटाइल खाली ठेवून, स्टेनलेसचा बोल्ट. वायर आत नेण्यासाठी ग्लँड (वायरभोवती घट्ट आवळणारं बूच) असलेला डबा, त्याचं तोंड मागच्या बाजूला. पॅनल आणि छत यांत हात जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर जांभळाची पानं तिथे अडकून ओल धरतात आणि साफ करायला हात जात नाही.

चाचणी, घाट, पुन्हा चाचणी

आतलं छत लगेच बंद करू नका. पीयू पूर्ण वाळायला काही दिवस द्या आणि मग नळीची चाचणी पहिल्यासारखीच, खालून वर, आतल्या माणसासह. छतावर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा, कुठेही डबकं उरायला नको.

मग ट्रेलर यवतेश्वरच्या घाटाने कासपर्यंत किंवा मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला नेऊन आणा. वळणावर ट्रेलर पिळला जातो, तो पीळ घरच्या अंगणात कधीच दिसत नाही. आल्यावर कोपऱ्याच्या पट्ट्या, हॅचचे कोपरे आणि जोडांच्या टोपीची टोकं नीट बघा, सीलंटला केसाएवढी चीर गेली असेल तर ती आत्ताच दिसते. पुन्हा पाणी. आत कोरडं राहिलं तरच दिव्यांच्या वायरी ओढा आणि खालचा प्लाय लावा. हॅचच्या बाजूची एक पट्टी स्क्रूवर काढता येईल अशी ठेवा, पुढे कधी आत बघायचं झालं तर छत फोडावं लागणार नाही.

पहिल्या वर्षी मेच्या शेवटी आणि नवरात्राच्या सुमारास शिडी लावून छत बघा. पन्हळ आणि पॅनलखालची पानं काढा, सीलंटच्या कडा नखाने उचलून बघा. कड सुटत असेल तर त्यावर नवा थर ओतू नका. सुटलेला तुकडा कापून काढा, जागा पुसा, वाळवा आणि तेवढाच भाग नव्याने भरा. ओलाव्याचं मीटर हॅचच्या चार कोपऱ्यांत लावून आकडे जुन्या नकाशाशेजारी लिहून ठेवा. १२ चा आकडा १६ झाला तर डाग दिसायची वाट न बघता तीच काढता येणारी पट्टी उघडा.